दाण्याची झीज

जुनं पेन हातात आलं की मी ते आधी नाकाशी नेतो. नळीवर अंगठा जोरात घासायचा, ती जागा जराशी तापली की लगेच हुंगायचं. गंधकाचा वास आला तर पेन एबोनाइटचं, म्हणजे गंधक घालून शिजवलेल्या कडक रबराचं. कापराचा आला तर सेल्युलॉइडचं. देवापुढे जाळतो तोच कापूर सेल्युलॉइड बनवताना घालत, आणि ऐंशी-नव्वद वर्षांनंतरही तो पेनाच्या अंगातून जात नाही. ओल्या बोटाने घासल्यावर शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बरण्यांचा फॉर्मॅलिनचा वास आला तर पेन केसीनचं, दुधातल्या प्रथिनापासून केलेलं. पुढचं सगळं काम या वासावर ठरतं. एबोनाइट पाण्यात भिजत ठेवलं की काळंभोर पेन शेवाळी-तपकिरी होऊन बाहेर येतं. केसीन पाणी पिऊन फुगतं आणि लिव्हर आपल्याच खाचेत अडकून बसते. सेल्युलॉइड भडकन पेटतं, त्याच्या आसपास ज्योत आणायची नाही.

माझं मूळ काम घड्याळांचं. नगरच्या जुन्या पेठेत नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, छोटं दुकान होतं. डोळ्याला भिंग, समोर चिमटे आणि पेट्रोलची वाटी. बाजाराला आलेली माणसं सकाळी घड्याळ टाकून जात आणि त्याच पिशवीतून कुणी म्हणे, "नाना, ह्ये पेन बी बघा जरा, शाई धरत नाही." नाना बघत. पेनाचे पैसे ते वेगळे घेत नसत. पुढे घड्याळं क्वार्ट्झची झाली, किल्लीची घड्याळं कपाटात गेली, पण पेनं येत राहिली. आता ती आणतात नातवंडं. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आहे. माझ्याकडे येणाऱ्या पेनांच्या मालकांनी जन्मभर अहमदनगर लिहिलं, म्हणून त्या काळाबद्दल बोलताना मी नगर म्हणतो.

येणाऱ्या पेनांत माझा जीव अडकतो तो लिव्हरच्या पेनांत. नळीवर एक बारीक पट्टी बसवलेली असते. ती नखाने उचलली की आतली स्प्रिंगची लांब पोलादी पात रबराच्या ट्यूबवर दाबते आणि ट्यूबमधली हवा निबच्या वाटेने बाहेर पडते. निब शाईत बुडवलेली असताना पट्टी सोडायची. ट्यूब पुन्हा फुगते आणि शाई ओढून घेते. ही रचना चालती केली ती वॉल्टर शेफर नावाच्या जवाहिऱ्याने. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात फोर्ट मॅडिसन या गावी त्याचं दागिने-घड्याळांचं दुकान होतं. १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळालं, १९१३ मध्ये त्याची पेन कंपनी उभी राहिली. शेफर आमच्याच पंगतीतला माणूस, याचा मला फार आनंद वाटतो. त्याच्या लिव्हरमधली स्प्रिंगची जाण घड्याळवाल्याची आहे, ती पेन उघडल्यावर कळते. त्याआधी पेन भरायचं म्हणजे बहुतेक वेळा मान, म्हणजे बोटं जिथे धरतात तो भाग, उघडायची, काचेच्या ड्रॉपरने थेंब थेंब शाई नळीत सोडायची, पुन्हा आटे आवळायचे आणि बोटं पुसत बसायचं. शेफरचं पाहून वॉटरमनने १९१५ च्या सुमारास आपली वेगळी, डबीत बसवलेली लिव्हर काढली. लंडनच्या कॉनवे स्टुअर्टने आणि स्वान पेन बनवणाऱ्या मेबी टॉडने लिव्हर उचलली, आणि विसाव्या शतकातली पुढची तीस-चाळीस वर्षं चांगलं पेन म्हणजे बहुधा लिव्हरचं पेन असं समीकरण झालं.

ती पेनं नगरला का आली, कुणाच्या हातात गेली, हे मला पेनांनीच शोधायला लावलं.

लेखनिकाचा मान या जिल्ह्यात जुना आहे. नेवाशाला शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वर सांगत गेले आणि सच्चिदानंदबाबा लिहीत गेले. पण नगर शहराचं लिहिण्याशी आणखी एक नातं आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. हे बंदिवानांनी लिहिण्याचं गाव आहे. बोअर युद्धात पकडलेले कैदी इंग्रजांनी १९०१ मध्ये समुद्र ओलांडून इथे आणून ठेवले. १९१४ ला पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा हिंदुस्थानात असलेले जर्मन आणि ऑस्ट्रियन, त्यांत व्यापारी होते, मिशनरी होते, नगरच्या छावणीत कोंडले गेले आणि १९२० पर्यंत त्यांतले काही इथेच होते. बंदिवानाला दुसरं काय काम असतं? पत्र. सेन्सॉरच्या नजरेखालून जाणारं, मोजक्या ओळींचं. त्याच वर्षांत फाउंटन पेनं सैनिकांच्या खिशात शिरली. शाईच्या वड्या पाण्यात विरघळवून भरता येतील अशी पेनं खास सैनिकांसाठी विकली जात होती. भिंगारची लष्करी छावणी, तिथले गोरे अधिकारी, त्यांच्यासाठी माल आणणारे कॅम्पातले दुकानदार: परदेशी पेन नगरला यायची ही एक वाट. अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून नगरला होतं, 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये इथेच सुरू झाला. शाळा, छापखाना, पत्रव्यवहार यांत बुडालेली ती मंडळी. ही दुसरी वाट.

मग १९४२. नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य कृपलानी, गोविंद वल्लभ पंत, शंकरराव देव, आचार्य नरेंद्र देव आणि इतर, असे काँग्रेस कार्यकारिणीचे बारा जण बंदिवान म्हणून नगरच्या किल्ल्यात आले. ९ ऑगस्ट १९४२ ते २८ मार्च १९४५ हा नेहरूंचा मुक्काम. १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं, हाताने, सुमारे हजार पानं. आझादांनी 'गुबार-ए-खातिर'मधली न पाठवलेली पत्रं इथेच लिहिली. त्यातल्या पहाटेच्या चहाचं वर्णन उर्दूवाले अजून तोंडभरून सांगतात. त्याच मुक्कामात, १९४३ च्या एप्रिलमध्ये, त्यांची पत्नी कलकत्त्याला वारली आणि त्यांना जाता आलं नाही. हरेकृष्ण महताब ओडिशाचा इतिहास लिहीत होते, पट्टाभी सीतारामय्या 'फेदर्स अँड स्टोन्स'. एकाच भिंतीच्या आत एवढी पानं एकाच वेळी भरली जात होती. लोक किल्ल्यात नेहरूंची खोली पाहायला जातात. मी तिथे गेलो की मनात रोजच्या शाईचा हिशेब येतो. हजार पानं म्हणजे किती बाटल्या, किती वेळा भरणं, आणि उन्हाळ्यात किती वेळा निबवर वाळलेली शाई धुणं.

आणि त्याच गावाच्या दक्षिणेला, दौंड रस्त्यावरच्या अरणगावात, एक माणूस पेन खाली ठेवून बसला होता. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ ला मौन धरलं, १९२७ च्या आरंभी लिहिणंही सोडलं आणि पुढे १९५४ पर्यंत अक्षरांच्या फळीवर बोट फिरवून ते बोलत राहिले. किल्ला आणि अरणगाव यांच्यात थोडंसंच अंतर आहे. नगरचा इतिहास सांगताना दोन्ही गोष्टी एका दमात सांगाव्यात असं मला वाटतं.

मोठ्या माणसांची पेनं माझ्याकडे येत नाहीत, यायची गरजही नाही. येतात ती मास्तरांची, वकिलांची, दस्त लिहिणाऱ्यांची, कारखान्यातल्या कारकुनांची. लोणीला १९५० मध्ये सहकारी साखर कारखान्याची चाकं फिरली, मग एकामागून एक कारखाने आले, सोसायट्या आल्या, प्रत्येकाची खातेवही आली. मास्तरांचं पेन उघडायच्या आत कळतं. ट्यूबच्या तुकड्यांना लाल रंग असतो, कारण वह्या तपासायचं पेन वेगळं आणि त्यात दुसरी शाई कधी जात नसे. दस्त लिहिणाऱ्यांचीही खूण आहे. जुन्या खरेदीखतांवर खाली अंगठा उमटलेला असतो आणि शेजारी 'निशाणी डावा अंगठा, बकलम अमुक'. तो 'अमुक' दिवसभर दुसऱ्यांसाठी लिहायचा, कार्बन घालून दोन-दोन प्रती काढायचा. त्याला मऊ निब चालत नसे. अमेरिकन कंपन्या अशा कामासाठी 'मॅनिफोल्ड' नावाची ताठ निब विकत. कोर्टाच्या आवारात बसणाऱ्या एका घराण्यातून माझ्याकडे आलेल्या पेनाची निब नखावर दाबली तर जागची हलली नाही.

आता आतलं काम सांगतो, कारण पेनाचा निम्मा इतिहास नळीच्या आत असतो.

पहिला नियम: पेटीतून काढलेल्या पेनाची लिव्हर उचलून पाहायची नाही. घरात प्रत्येक जण तेच करतो. आतली ट्यूब मऊ रबराची, ती वयाने काचेसारखी कडक होते. लिव्हर तिच्यावर आपटते आणि एक तर लिव्हरची पिन तुटते किंवा नळीची भिंत फुटते. आधी मान सोडवायची. ती नळीत नुसती घट्ट बसवलेली असते. केस वाळवायच्या यंत्राची कोरडी ऊब द्यायची, हाताला सोसवेल एवढीच, आणि हलके हलके पिळत, डोलवत बाहेर काढायची. घाई करणाऱ्याची नळी तोंडाशी चिरते. मान निघाली की आतून काळे खापरे पडतात. कधी रबर उलट वितळून डांबर झालेलं असतं, ते कोरून काढायला अख्खी दुपार जाते. उष्णता, हवा आणि शाई हे तिघे मिळून रबराला खातात, आणि आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिसावर जातो. इंग्लंडमध्ये जी ट्यूब वीस-तीस वर्षं चालायची ती इथे त्याआधीच हार मानायची.

याच कारणाने भारतीय कारागिरांनी लिव्हर मनापासून कधी उचलली नाही असं माझं मत आहे. राजमुंद्रीच्या रत्नम यांनी गांधीजींच्या स्वदेशीच्या आग्रहातून १९३० च्या दशकात पेनं बनवली; तिथपासून दक्षिणेतले आणि मुंबईतले बहुतेक कारखानदार एबोनाइटचं, जाड भिंतीचं, ड्रॉपरने भरायचं पेन बनवत राहिले. त्याला मागासलेपण म्हणणारे लोक आहेत. मला तो पुरता शहाणपणा वाटतो. त्या पेनात कुजायला काही नव्हतं, शाई भरपूर मावत होती आणि तालुक्याच्या गावातही ते दुरुस्त होत होतं. शाईचंही तसंच. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत शाईची पूड आणि गोळ्या बनवायला सुरुवात केली, 'हॉर्स ब्रँड' नावाने. पुढे त्याचंच कॅमल आणि कॅमलिन झालं. गोळी पाण्यात टाकली की दौत तयार. तिचा न विरघळलेला गाळ मला अजून लिव्हरच्या पेनांच्या निबखालच्या जिभेत सापडतो, टाचणीने खरवडावा लागतो.

आयातीवर स्वातंत्र्यानंतर निर्बंध आले तशा रबराच्या ट्यूब मिळेनाशा झाल्या. मग लोकांनी काय केलं ते सांगतो. जिल्ह्याच्या उत्तर भागातून, श्रीरामपूर-कोपरगावकडून, माझ्याकडे अशी पेनं आली आहेत ज्यांची ट्यूब आणि पोलादी पात काढून टाकलेली आहे, लिव्हरची खाच लाखेने बुजवलेली आहे आणि मानेवर दोऱ्याचा वेढा देऊन मेण लावलेलं आहे. लिव्हरचं महागडं विलायती पेन पुन्हा ड्रॉपरचं झालं. काम इतकं सफाईचं की लाखेवर पॉलिशही केलेलं. बहुधा सोनाराचा हात. परदेशातले जाणकार अशा पेनाला बिघडवलेलं म्हणतात, लाख काढून मूळ स्थितीत आणा म्हणतात. मी काढत नाही. ती लाख हाच नगर जिल्ह्याचा त्या पेनात भरलेला वाटा आहे.

लाखेची गंमत अशी की ती पेनात पहिल्यापासूनच होती. ट्यूब मानेला चिकटवायला कंपन्या चपडा लाखच वापरत, स्पिरिटमध्ये विरघळवून. आणि जगाला लाख पुरवणारा देश आपला, छोटा नागपूरच्या जंगलातली. मलायाचं रबर, छोटा नागपूरची लाख, लंडनची नळी, आणि निबच्या टोकावरचं ऑस्मिरिडियम १९२० च्या दशकात बरंचसं टास्मानियाच्या चिखलातून काढलेलं. सगळं जग फिरून ते पेन नगरच्या तलाठ्याच्या कोटाला अडकलं होतं. मी आजही रंगाच्या दुकानातून आणलेला चपडाच लावतो. नवीन ट्यूब इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजतात. सोळा नंबर म्हणजे पाव इंच. लांबी बेतून कापायची, मानेच्या बेचक्यावर लाख, ट्यूब चढवायची, रात्रभर वाळू द्यायची. दुसऱ्या दिवशी ट्यूबवर शंखजिऱ्याची पूड, म्हणजे पात तिच्यावर घासणार नाही. फिकट रंगाच्या सेल्युलॉइडमध्ये रबर घालायचं नाही, रबराच्या वाफेने नळी पिवळी पडते. तिथे प्लॅस्टिकची पारदर्शक ट्यूब बरी. मग पाण्यात निब बुडवून लिव्हर उचलायची आणि बुडबुडे बघायचे. बुडबुडे येऊन थांबले, लिव्हर आपोआप खाली बसली, की आतलं काम संपलं.

निबचं मात्र संपत नाही. निब पाहायला मी सकाळचा वेळ ठेवतो, दुकानाच्या दारातल्या उजेडात.

भिंगाखाली आधी अक्षरं. 'वॉरंटेड', '१४ कॅरेट', कंपनीचं नाव, नंबर. वॉटरमनचा ५२ म्हणजे ५ लिव्हरचा आणि २ निबच्या मापाचा; एका आकड्यात पेनाची जात कळते. चौदा कॅरेट म्हणजे चोवीस भागांत चौदा भाग सोनं. १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रण आलं आणि चौदा कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी झाली तेव्हा सराफ बाजारात हाहाकार झाला, असल्या सोन्याला हात कोण लावणार म्हणून. पण निबला चौदाच योग्य. शुद्ध सोनं मऊ, ते वाकलं की वाकलेलंच राहतं. त्यात तांबं-चांदी पडली की लवचिकपणा येतो, आणि जुन्या शाईतलं आम्ल सोन्याला खात नाही. पोलादी निब तीच शाई गंजवून टाकते.

मग छिद्र. निबच्या मधल्या चिरेच्या वरच्या टोकाला जे भोक असतं त्याच्या कडेने केसाएवढी भेग गेली आहे का? असेल तर निब कधीतरी जोरात दाबली गेली आहे; तिला लवचिक लिहायला लावायचं नाही. मग चीर. भोकाकडून टोकाकडे ती निमुळती होत गेली पाहिजे; टोकाशी दोन पाती एकमेकांना जेमतेम टेकलेली. उजेडासमोर धरून टोकाशी फट दिसली तर शाई तिथपर्यंत पोचणार नाही, आणि फार घट्ट असली तरी नाही. समोरून पाहिलं की दोन्ही पाती एका पातळीत हवीत. एक वर, एक खाली असेल तर कागद खरवडतो, आणि नव्वद टक्के लोक ज्याला 'निब खराब झाली' म्हणतात ते एवढंच असतं. नखाने वरच्या पात्याला किंचित दाबून ते सरळ होतं. पितळेच्या पातळ पत्र्याची पट्टी चिरेतून ओढली की साचलेली शाई निघते. शेवटी अंगठ्याच्या नखावर निब टेकवून दाबायची: पाती उघडतात का, आणि सोडल्यावर पुरती मिटतात का. उघडून मिटली नाही तर ती निब थकलेली. स्वान आणि वॉटरमन यांच्या काही जुन्या निबा अशा उघडतात की मोडीचं वळण आपोआप येतं. मोडी हात न उचलता लिहायची लिपी, तिला दर शब्दाला दौतीत बुडणारा टाक अडवायचा. हे न थांबणारं पेन तिच्यासाठी घडवलं असावं असं वाटतं. पण ते सर्रास हाती आलं तोवर मोडीच शाळा-कचेऱ्यांतून बाहेर चालली होती.

आणि मग दाणा. निबच्या टोकाला डाळिंबाच्या बियाचा दहावा भागसुद्धा नसेल एवढा एक दाणा डाखलेला असतो, ऑस्मियम-इरिडियमच्या मिश्रणाचा. सोन्यापेक्षा कितीतरी कठीण. पण कागद रोज, वर्षानुवर्षं, त्यालाही झिजवतो. आणि एकाच माणसाच्या हातात एकाच कोनात झिजवतो, म्हणून गोल दाण्यावर एक सपाट पैलू पडतो. भिंगाखाली तो पैलू पाहिला की धरायची तऱ्हा दिसते. पैलू टोकाच्या अगदी पुढे असेल तर पेन उभं धरणारा माणूस. मागे, खालच्या बाजूला असेल तर आडवं. डावीकडे कललेला असेल तर पेन आत फिरवणारा. रुंद आणि खोल असेल तर दाब देऊन लिहिणारा. नागरी लिहिणाऱ्यांच्या दाण्यांवर मला आडव्या दिशेची झीज जास्त दिसते. शिरोरेषा हीच आपल्या लिपीतली सगळ्यात लांब, रोजची रेघ आहे, ती डावीकडून उजवीकडे ओढली जाते, आणि मास्तर लोक तर ती मुलांच्या चुकलेल्या ओळींवरही ओढत आले.

राहुरी तालुक्यातून एक मुलगी आजोबांचं पेन घेऊन आली. कॉनवे स्टुअर्ट, हिरवं संगमरवरी, लिव्हरचं. आजोबा तलाठी. तिने पेन धुऊन आणलं नव्हतं हे माझं नशीब, केसीन होतं. ट्यूब बदलली, पाती सरळ केली, शाई भरून तिच्या हातात दिलं. तिने सही केली आणि म्हणाली, "काका, खरखरतंय. जरा घासून गुळगुळीत करून द्या ना."

मी तिला भिंग दिलं. दाण्यावरचा पैलू अगदी टोकाशी, तीव्र उताराचा आणि किंचित डावीकडे वळलेला. "आजोबा टेबलावर लिहायचे का?" असं विचारलं. ती म्हणाली, "नाही, खाली बसून. उजवा गुडघा उभा करून त्याच्यावर दप्तर ठेवायचे." मग तो उतार बरोबर होता. चढत्या कागदावर पेन उभं राहतं.

तिच्या आजोबांच्या नोकरीची वर्षं मी विचारली. कुलकर्णी वतनं १९५१ मध्ये गेली आणि गावचं दप्तर पगारी तलाठ्यांकडे आलं. ते त्याच पिढीतले. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवसापासून कुळकायद्याप्रमाणे कसणारा जमिनीचा मालक मानला गेला, आणि मग कितीतरी वर्षं फेरफाराच्या नोंदी चालल्या. कोणाचं नाव कमी, कोणाचं दाखल. तारखा, गट, आणेवारी, शेरे. हे सगळं कुणीतरी हाताने लिहिलं. त्या नोंदींनी घरं उभी राहिली आणि भाऊबंदकीही पेटली. कागद तहसीलात आहेत, त्यांच्या नकला मिळतात. पण लिहिणाऱ्या हाताचा पुरावा त्या दाण्यावर होता आणि अर्ध्या मिनिटात बारीक पॉलिश कागदावर तो पुसला गेला असता.

म्हणून घासायचं नाही, असं माझं म्हणणं आहे, आणि ते मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. पेन लिहितं झालंच पाहिजे. न लिहिणारं पेन जपण्यात मला रस नाही. पाती सरळ करा, चीर साफ करा, शाईचा ओघ वाढवा. खरखर बहुतेक वेळा तेवढ्यानेच जाते. उरलेली खरखर ही तुमच्या हाताचा कोन आणि त्यांच्या हाताचा कोन जुळत नसल्याची असते. पेन किंचित फिरवून, थोडं उभं धरून पाहा, पैलू कागदावर बसला की निब तेलासारखी चालते. त्या मुलीला चार-सहा ओळींत ते साधलं. जिला नवी, गुळगुळीत निब हवी तिने नवं पेन घ्यावं. आज ते सहज मिळतं.

सोन्याच्या निबा काढून वितळवायला देणाऱ्यांना तर मी हात जोडतो. एका छोट्या निबचं वजन दोन-तीन गुंजा, त्यातलं सोनं चौदा कॅरेटचं. सराफ त्याचे फार पैसे देत नाही. पण मागे मोडीच्या भावात अशा किती निबा गेल्या याचा हिशेब नानांनाही लागला नसता. निब नसलेल्या सुंदर नळ्या आमच्या दुकानात डबा भरून आहेत, त्यांच्या निबा त्याच भट्टीत गेल्या. तसंच नळीवर कोरलेलं नाव. नाव कोरून देणारे कारागीर बाजारात बसत, शाळेतून निवृत्त होणाऱ्या मास्तरांना कोरीव नावाचं पेन देण्याची पद्धत होती. विकणारा ते नाव घासून काढतो, कारण परक्याच्या नावाचं पेन कुणी घेत नाही म्हणे. घेतात. मी नाव असलेलं पेन आधी उचलतो.

नगरला ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे. तिथे मोडी कागद आहेत, पोथ्या आहेत, नाणी आहेत. एका घरातून दप्तर येतं तेव्हा त्याच घरातलं पेनही मागून घ्यावं असं मला वाटतं. न घासता, न चमकवता, कागदाशेजारी. कागदावरचं अक्षर आणि दाण्यावरची झीज एकमेकांशी ताडून पाहता येतील, आणि लेखनिकाचं नाव नसलेल्या कागदाचा लिहिणाराही कदाचित ओळखता येईल. ज्यांना पेन द्यायचं नाही त्यांनी घरीच ठेवावं, पण टोपण उघडं ठेवून, शाई धुऊन, उन्हापासून दूर, आणि सेल्युलॉइड असेल तर बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत अजिबात नाही.

माझ्याकडून जाणाऱ्या प्रत्येक पेनाबरोबर मी एक चिठ्ठी देतो. रबर पुन्हा कुजणार, दहा-पंधरा वर्षांनी ते पेन दुसऱ्या कुणाच्या टेबलावर जाणार, त्या माणसासाठी ती असते. ट्यूब कितव्या मापाची, नळी कशाची, लाख कोणत्या साली लावली, पेन कुणी आणि कुठे वापरलं, आणि शेवटी: दाणा घासलेला नाही, घासू नये.